टॅरिफशी भांडलेला माणूस

टॅरिफ हा शब्द हल्ली बातम्यांत रोज कानावर पडतो. एका देशाने कर वाढवला की दुसरा लगेच उट्टं काढतो. ही मारामारी काही नवी नाही. साधारण नव्वद वर्षांपूर्वी ती थांबवायला अमेरिकेतला एक माणूस कंबर कसून उभा राहिला होता. कॉर्डेल हल त्यांचं नाव.

हल १८७१ साली टेनेसीच्या डोंगराळ भागात जन्मले, तेही ओंडक्यांच्या साध्या घरात. वडिलांचा लाकडाचा धंदा होता. पोरगा कायदा शिकला, वकील झाला, राजकारणात शिरला आणि १९०७ साली थेट काँग्रेसमध्ये पोहोचला. तेव्हा अमेरिकन सरकारच्या कमाईचा मोठा भाग आयात करातून यायचा. तो भार गरिबाच्या खिशावर पडतो, असं हल यांचं म्हणणं. १९१३ चा आयकर कायदा लिहिण्यात त्यांचाच पुढाकार होता.

पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली: देशांनी एकमेकांच्या मालाला दारं बंद केली की वैर वाढतं. पण ऐकतो कोण? १९३० मध्ये स्मूट-हॉली कायद्याने आयात कर आणखी वाढवले. हजारावर अर्थतज्ज्ञांनी विरोध केला, तरी राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी सही केली. कॅनडासह अनेक देशांनी उलट कर लावले. आधीच मंदी, त्यात ही भर!

१९३३ मध्ये रूझवेल्ट यांनी हल यांना परराष्ट्रमंत्री केलं. दुसऱ्याच वर्षी त्यांनी परस्पर व्यापार कराराचा कायदा मंजूर करून घेतला. त्यातली मेख समजून घ्या. आधी कर काँग्रेस ठरवायची आणि प्रत्येक खासदार आपल्या भागातल्या कारखान्यासाठी कर वाढवून मागायचा. आता राष्ट्राध्यक्षाला दुसऱ्या देशाशी बोलणी करून कर निम्म्यापर्यंत खाली आणता येऊ लागले. तुम्ही उतरवा, आम्हीही उतरवतो, असा रोखठोक सौदा. शिवाय एकाला दिलेली सवलत इतर बहुतेक देशांनाही मिळायची. पहिला करार क्युबाशी झाला, पुढे कॅनडा आणि ब्रिटनही आले.

तरीही दुसरं महायुद्ध टळलं नाही. व्यापाराने शांतता आपोआप येत नाही, हे हल यांच्या डोळ्यांदेखतच सिद्ध झालं. त्यांच्या कारकिर्दीवर एक डागही आहे. १९३९ मध्ये नऊशेहून जास्त ज्यू निर्वासितांना घेऊन आलेल्या सेंट लुईस जहाजाला अमेरिकेने उतरू दिलं नाही. जहाज युरोपला परतलं आणि त्यातले अडीचशेच्या आसपास लोक पुढे नाझींच्या छळात मेले. मालासाठी दारं उघडा म्हणणाऱ्या माणसाच्या काळात माणसांसाठी दार बंद राहिलं.

तब्येतीमुळे १९४४ मध्ये त्यांनी पद सोडलं. संयुक्त राष्ट्रांच्या उभारणीसाठी १९४५ चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं. १९४७ मध्ये जिनिव्हात २३ देशांनी गॅट करार केला, त्यात भारतही होता. त्या कराराचा पाया हल यांच्याच पद्धतीचा. जागतिक व्यापार संघटना त्यातूनच पुढे आली. १९५५ साली हल गेले.

पुढच्या वेळी टॅरिफची बातमी आली, की नुसता टक्का बघू नका. बोलणी चालू आहेत की थांबलीत, तेही बघा. हल यांचं सगळं भांडण त्यासाठीच तर होतं.