दगडाची उशी (स्तोत्रसंहिता 34:10)

आजचं वचन लिहून एका माणसाने लेखणी कायमची खाली ठेवली. म्हणून आज त्याच्याबद्दल. नाव कोलम्बा. मूळ आयरिश नाव कोलम किल, म्हणजे मंडळीचा पारवा.

जन्म साधारण 521 चा, वायव्य आयर्लंडमधल्या राजघराण्यात. तिथले राजे, सरदार गोल गढ्यांत राहत. भोवती खंदक खणायचा, निघालेल्या मातीचा बांध घालायचा, आत कुडाची घरं. जितके बांध जास्त, तितकी पत मोठी. दगड मुबलक असेल तिथे चुन्याशिवाय रचलेली भिंत. डोनेगलच्या टेकडीवर त्याच्या भाऊबंदांचा एलाख गड अजून आहे (19व्या शतकात पुन्हा रचलेला), भिंत चार मीटरहून जाड. मी इंजिनिअर, त्यामुळे असलं काही वाचलं की तिथेच रेंगाळतो!

हा माणूस अशा गढीचा धनी होऊ शकला असता, तो मठात गेला. गंमत म्हणजे मठाचा आराखडाही बऱ्याचदा तोच. गोल बांध, आत कुडाच्या झोपड्या. फक्त राजाच्या घराऐवजी प्रार्थनामंदिर, आणि बांध आता पवित्र जागेची हद्द दाखवणारा.

पण राजरक्त असं सहज निवत नाही. 561 मध्ये त्याच्या घराण्याने मोठी लढाई केली, तिच्यामागे तोही होता असं म्हणतात. 563 मध्ये बारा सोबती घेऊन तो समुद्रापलीकडे, स्कॉटलंडच्या आयोना बेटावर गेला. प्रायश्चित्त म्हणून गेला ही नंतरची कथा, पण मला ती पटते.

आयोनावर पाहुण्यांसाठी घर बांधायचं होतं. बंधूंनी एका गृहस्थाच्या जागेतून कुडासाठी बोटभर काठ्या आणल्या. तो हळहळला. हे कळताच कोलम्बाने त्याला सहा मापं जवाचं बियाणं पाठवलं. जून अर्धा उलटलेला, तरी ऑगस्टच्या सुरुवातीला पीक हाती आलं, असं चरित्रकार अदोम्नान सांगतो. मला पिकापेक्षा बियाणं पाठवणं मोठं वाटतं. गढीतल्या राजाने काठ्या हक्काने नेल्या असत्या.

तो स्वतः झोपायचा उघड्या खडकावर, उशाला दगड. त्याची लिहिण्याची झोपडी जिथे होती असं मानतात, त्या टेकाडावर 1957 मध्ये कोळसा सापडला. तो तपासल्याचं 2017 मध्ये जाहीर झालं. काळ निघाला 540 ते 650 मधला. होम लोनच्या हप्त्यांत वर्षं मोजणाऱ्या माझ्यासारख्याला ती उशी टोचते.

597 च्या जूनमधली 8 तारीख. तो स्तोत्र उतरवत होता. 34:10 शी पान संपलं. पुढचं बैथीनने लिहावं, असं सांगून तो थांबला. मध्यरात्री घंटा झाली तेव्हा सगळ्यांच्या आधी मंदिरात धावला आणि वेदीपुढेच त्याचा प्राण गेला. त्याच्यानंतर बैथीन मठाचा प्रमुख झाला. 34:11 हे लेकरांना जवळ बोलावून शिकवण्याबद्दलचं वचन आहे, ते उद्या घेऊ.