धोतऱ्याची नशा लिहून ठेवणारा डॉक्टर

कुणकेश्वरच्या जत्रेत महादेवाला वाहतात तो धोतरा आपल्याकडे रस्त्याच्या कडेला कुठेही उगवतो. तो पोटात गेला की माणसाचं काय होतं, हे साडेचारशे वर्षांपूर्वी तेरेखोलच्या पलीकडे, गोव्यात राहून एका डॉक्टरने लिहून ठेवलंय. त्याचं नाव गार्सिया द ऑर्टा.

हा पोर्तुगालमधल्या ज्यू कुटुंबातला. आईवडिलांना बळजबरीने ख्रिस्ती व्हावं लागलेलं. स्पेनमध्ये डॉक्टरकी शिकून १५३४ मध्ये तो जहाजाने गोव्यात आला आणि इथलाच झाला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही तो उपचार करायचा.

तेव्हा युरोपातले डॉक्टर जुन्या ग्रीक ग्रंथांवर डोळे मिटून विश्वास ठेवायचे. ऑर्टा मात्र वैद्य, हकीम, व्यापारी, अगदी घरच्या नोकरांनाही विचारायचा. १५६३ मध्ये गोव्यातच छापलेलं त्याचं पुस्तक म्हणजे दोन डॉक्टरांच्या गप्पा आहेत.

त्यात भांग आहे. ती घेतली की काम जाणवत नाही, भूक लागते, असं नोकरांनी त्याला सांगितलं. पण घाटावर त्याच्यासोबत असलेला एक पोर्तुगीज विदूषक भांगेचा पाक खाऊन आधी मजेत होता आणि मग ढसाढसा रडत बसला. ऑर्टाने दोन्ही गोष्टी लिहिल्या. ना भांगेची जाहिरात केली, ना बागुलबुवा उभा केला.

धोतऱ्याबद्दल तो जास्त गंभीर आहे. चोर तो जेवणात कालवायचे. खाणारा हसत सुटायचा, असंबद्ध बोलायचा, अंगावरचे दागिने काढून नेले तरी अडवायचा नाही. हे का होतं, ते आज आपल्याला माहीत आहे. धोतऱ्यात अ‍ॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन असतं. त्याने बाहुल्या मोठ्या होतात, ताप चढतो, छाती धडधडते आणि दिसणारे भास खरेच वाटतात. त्यात प्रत्येक झाडात, प्रत्येक बोंडात विषाचं प्रमाण वेगळं. त्यामुळे 'थोडंसं घेऊन बघू' हा हिशेब इथे चालतच नाही. जीव जाऊ शकतो.

१५६८ मध्ये ऑर्टा वारला. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या न्यायालयाने, गुपचूप ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून त्याच्या बहिणीला, कातारिनाला, जिवंत जाळलं. १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडंही उकरून जाळली. पण पुस्तक हातचं निसटलं होतं. १५६७ मध्येच त्याचा लॅटिन अवतार निघाला आणि युरोपातले डॉक्टर गोव्यातला धोतरा वाचू लागले होते.