विश्लेषण : व्हॅन गॉगच्या चित्रांतील रंगांचे जाड थर वेडाचे की अभ्यासाचे?

मोबाइलच्या पडद्यावर व्हिन्सेंट व्हॅन गॉगची सूर्यफुले किंवा तारकांनी भरलेली रात्र सहज पाहता येते. पण पडद्यावर त्याच्या चित्रांतली एक मोठी गोष्ट हरवते, ती म्हणजे रंगाची जाडी. मूळ चित्रात हा रंग कॅनव्हासवर उंचवट्यांसारखा उभा असतो. आजारी मनाच्या चित्रकाराने भरात थापलेला रंग, अशी त्याची ओळख रूढ झाली आहे. त्याच्या आयुष्यातील घटना मात्र वेगळेच सांगतात.

चित्रकलेकडे तो केव्हा वळला?

व्हॅन गॉगचा जन्म ३० मार्च १८५३ रोजी नेदरलँड्समधील झुंडर्ट गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. सोळाव्या वर्षी तो द हेगमध्ये चित्रे विकणाऱ्या गूपिल कंपनीत नोकरीला लागला. पुढे त्याने लंडन आणि पॅरिसच्या शाखांतही काम केले. १८७६ मध्ये ही नोकरी गेली. नंतर त्याने शिक्षकी केली, बेल्जियममधील कोळसा खाणींच्या भागात धर्मप्रचार केला. तेथेही जम बसला नाही. अखेर १८८० मध्ये, वयाच्या २७व्या वर्षी, त्याने चित्रकार व्हायचे ठरवले. धाकटा भाऊ थिओ त्याला दरमहा पैसे पाठवू लागला. सुरुवातीची वर्षे त्याने प्रामुख्याने रेखाटनाच्या सरावात घालवली.

जाड रंगाचे हे तंत्र कोणते?

या तंत्राला ‘इम्पास्टो’ म्हणतात. तैलरंग पातळ न करता ब्रशने किंवा सुरीने दाट लावला जातो. त्यामुळे ब्रशच्या केसांच्या खुणा तशाच राहतात. उंचवट्यांवर उजेड पडतो आणि त्यांच्या कडेला बारीक सावली उमटते. हे तंत्र जुने आहे, रेम्ब्राँनेही ते वापरले होते. १८४१ मध्ये रंगासाठी धातूची ट्यूब निघाली आणि तयार तैलरंग घेऊन उघड्यावर बसणे चित्रकारांना सोपे झाले. १८८६ मध्ये व्हॅन गॉग पॅरिसला आला. तेथे मार्सेचा चित्रकार अदोल्फ माँतिचेल्ली याच्या दाट रंगातील फुलांच्या चित्रांनी तो भारावला. त्याच काळात त्याने एकामागून एक फुलदाण्या रंगवून परस्परविरोधी रंग शेजारी ठेवण्याचा सराव केला.

यात निसर्गाचा वाटा काय?

व्हॅन गॉगने निसर्गाचा अभ्यास प्रत्यक्ष जागेवर जाऊन केला. १८८२ मध्ये त्याने स्खेवेनिंगेनच्या किनाऱ्यावर वादळी वाऱ्यात समुद्र रंगवला. त्या वेळी उडून रंगात अडकलेले वाळूचे कण आजही चित्रात आहेत. फेब्रुवारी १८८८ मध्ये तो दक्षिण फ्रान्समधील आर्लला गेला. फळझाडांचा बहर काही दिवसांचाच असतो, म्हणून वसंतात त्याने बहरलेल्या बागांची चित्रे झपाट्याने केली. तिथल्या जोरदार वाऱ्यात टिकाव लागावा म्हणून चित्राची घोडी जमिनीत खुंट्या ठोकून बांधावी लागे.

आर्लमध्येच त्याने बोरूने अनेक रेखाटने केली. गवतासाठी उभ्या रेघा, मातीसाठी ठिपके, झुडपांसाठी गोलसर वळणे, अशी खुणांची एक भाषाच त्यात तयार झाली. तीच भाषा त्याने दाट रंगात उतरवली. म्हणूनच त्याच्या गव्हाच्या शेतात फटकारे उभे आहेत, सायप्रसच्या झाडात ते ज्वाळेसारखे वर चढतात आणि ऑलिव्हच्या खोडात पिळवटतात.

मग आजाराचे काय?

आजार खरा होता आणि गंभीर होता. २३ डिसेंबर १८८८ रोजी चित्रकार पॉल गोगँशी झालेल्या वादानंतर त्याने स्वतःचा कान कापला. मे १८८९ मध्ये तो स्वतःहून सॅं-रेमी येथील मनोरुग्णालयात दाखल झाला. मात्र, झटका आला की त्याचे काम बहुतांशी बंद पडत असे. अशा वेळी त्याने रंग गिळण्याचा प्रयत्न केल्याने तैलरंग त्याच्यापासून दूर ठेवावे लागत. वर्षभरात तेथे झालेली सुमारे १५० चित्रे मुख्यतः मधल्या शांत काळातील आहेत. ‘स्टारी नाइट’ हे त्यांपैकीच एक, जून १८८९ मधील.

जाड थराची किंमत कोणी मोजली?

दाट रंग म्हणजे जास्त ट्यूब आणि जास्त खर्च. थिओला लिहिलेल्या पत्रांत रंगांच्या याद्या वारंवार येतात. पैसे थिओचे होते आणि चित्रे जवळपास विकली जात नव्हती. शिवाय जाड थर वाळायला फार वेळ लागतो. घाईने एकावर एक ठेवल्याने काही चित्रांतील ओले उंचवटे दबले. १८८९ च्या ऑलिव्हच्या झाडांच्या एका चित्रात तर टोळाचे अवशेष रंगात चिकटलेले २०१७ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या संग्रहालयात आढळले.

काही रंगही टिकले नाहीत. त्याने वापरलेला एक लाल रंग उजेडात फिका पडत जातो. त्याच्या प्रसिद्ध शयनगृहाच्या चित्रातील भिंती आज निळ्या दिसतात, मुळात त्या जांभळ्या होत्या. क्रोम पिवळा काही ठिकाणी तपकिरी होत असल्याचेही तपासणीत दिसले आहे.

शेवट कसा झाला?

मे १८९० मध्ये तो पॅरिसजवळच्या ओव्हेर गावी आला. सुमारे ७० दिवसांत त्याने जवळपास तितकीच चित्रे केली. गोळीच्या जखमेने २९ जुलै १८९० रोजी, ३७व्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. झाडांच्या उघड्या मुळांचे एक अपुरे चित्र त्याचे अखेरचे मानले जाते. सहा महिन्यांत थिओही गेला. थिओची पत्नी योहाना हिने चित्रे सांभाळली आणि १९१४ मध्ये थिओला लिहिलेली पत्रे प्रकाशित केली. रंग, कागद, झाडे आणि उजेड यांचा तो किती बारकाईने विचार करत होता, हे जगाला त्या पत्रांतून कळले.

आज काय पाहावे?

अनेक संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर ही चित्रे मोठी करून पाहता येतात. प्रथम एखादाच कोपरा निवडावा. फटकारा कोणत्या दिशेने गेला आहे, थर कुठे जाड आहे आणि कुठे कॅनव्हास उघडा सोडला आहे, हे पाहावे. आकाश, माती आणि पान यांसाठी ब्रश वेगवेगळा चाललेला दिसतो. त्यामागे दहा वर्षांचा रोजचा सराव आहे.