मूत्रपिंडाचे भाष्यकार : होमर स्मिथ

रक्ततपासणीच्या अहवालात क्रिएटिनिनच्या खाली हल्ली ‘ईजीएफआर’ असा एक आकडा छापलेला असतो. मूत्रपिंडे दर मिनिटाला किती रक्तद्रव गाळतात, याचा तो अंदाज. निरोगी तरुणात हा आकडा १२५ मिलिलिटरच्या आसपास असतो, हे आज वैद्यकाचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. जिवंत माणसाला शस्त्र न लावता हे गाळण मोजण्याची खात्रीची रीत मात्र १९३०च्या दशकापर्यंत हाती नव्हती. ती ज्यांनी घडवली, त्यांत होमर विल्यम स्मिथ यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

स्मिथ यांचा जन्म २ जानेवारी १८९५ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे झाला. बालपण क्रिपल क्रीक या सोन्याच्या खाणींच्या गावात गेले. १९१७ मध्ये पदवी मिळाली आणि पाठोपाठ महायुद्धाने त्यांना विषारी वायूंच्या प्रयोगशाळेत नेले. तेथे इ. के. मार्शल यांची गाठ पडली. मार्शल हे पुढे मूत्रपिंडाचे नामांकित अभ्यासक झाले आणि युद्धकाळातील ही ओळख स्मिथ यांनाही त्याच वाटेवर घेऊन गेली. १९२१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची डॉक्टरेट, मग काही वर्षे इकडेतिकडे नोकऱ्या, आणि १९२८ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे अध्यासन. अखेरपर्यंतचे त्यांचे काम याच विद्यापीठातले.

त्यांच्या अभ्यासाची सुरुवात माशांपासून झाली, ही गोष्ट मोठी मनोज्ञ आहे. १९२८ मध्ये ते आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवरावर गेले, फुप्फुसे असलेल्या माशाच्या शोधात. पाणी आटले की हा मासा चिखलात स्वतःला पुरून घेतो आणि महिनोन्‌महिने अन्नपाण्यावाचून तग धरतो. तेथील लोकांनी या माशाला दिलेले ‘कामोंगो’ हे नाव स्मिथ यांनी १९३२ च्या आपल्या पुस्तकाला दिले. जहाजावरचा एक शास्त्रज्ञ आणि एक धर्मोपदेशक यांच्या संवादाचे ते पुस्तक सामान्य वाचकांनीही आवडीने वाचले. गोड्या पाण्यातील आद्य माशांना अंगात शिरणारे पाणी बाहेर फेकण्यासाठी गाळणी लागली, पण त्या पाण्याबरोबर मीठही वाहून जाऊ लागले, म्हणून ते परत ओढून घेणाऱ्या नलिका आल्या, अशी त्यांची उपपत्ती होती. पृष्ठवंशीय प्राण्यांचा उगम गोड्या पाण्यातला, हे त्यांचे गृहीत आज बहुतेक संशोधकांना मान्य नाही. तथापि मूत्रपिंडाकडे पाण्याच्या आणि मिठाच्या राखणीचे यंत्र म्हणून पाहण्याची दृष्टी त्यांना माशांनीच दिली.

गाळण मोजण्यासाठी गाळणीतून सहज जाईल, पण नलिका ज्याला परत घेणार नाहीत आणि आपल्याकडून त्यात भरही घालणार नाहीत, असा पदार्थ हवा होता. डेलियाच्या कंदात मिळणाऱ्या इन्युलिनमध्ये तो सापडला. फिलाडेल्फियात ए. एन. रिचर्ड्स हेही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तेथेच पोहोचले. १९३५ मध्ये जेम्स शॅनन यांच्यासह स्मिथ यांनी माणसावरील निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि मूत्रपिंडाचे कार्य आकड्यांत मांडता येऊ लागले.

हे आकडे चक्रावून टाकणारे होते. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातून जवळजवळ दीड किलो मीठ नलिकांत उतरते. रोज दहा ग्रॅम मीठ खाणाऱ्याच्या लघवीतून मात्र साधारण दहाच ग्रॅम बाहेर पडते. उरलेले ९९ टक्के परत रक्तात येते. त्यातला दोनतृतीयांश भाग तर नलिकेच्या पहिल्याच वळणांत शोषला जातो. अखेरच्या टप्प्यातील थोडक्या टक्क्यांवर शरीराचा सारा जमाखर्च बेतलेला असतो. हा हिशेब रोज एका टक्क्याने जरी चुकला, तरी काही दिवसांत अंगावर सूज दिसू लागेल. सोडियम राहिले की पाणी राहते. म्हणून सोडियम सांभाळणे म्हणजे रक्ताचे आकारमान सांभाळणे होय.

या आकारमानाची वर्दी मूत्रपिंडाला देतो कोण? हा प्रश्न स्मिथ यांना अखेरपर्यंत छळत राहिला. हृदय दुबळे झालेल्या रुग्णात तो विशेष तीव्र होतो. पाय सुजलेले, फुप्फुसात पाणी, आणि तरीही मूत्रपिंड मीठ धरून ठेवते. मूत्रपिंड निर्दोष असते. धमन्यांत रक्त कमी पोहोचते म्हणून शरीर कोरडे पडले आहे, असा त्याचा समज झालेला असतो. उलट, निम्म्याहून अधिक गाळण्या निकामी झालेल्या माणसात उरलेल्या गाळण्या प्रत्येकी जास्त मीठ टाकून तोल राखतात. मात्र त्याची किंमत पुष्कळदा वाढत्या रक्तदाबाने चुकवावी लागते.

१९५१ मध्ये स्मिथ यांचा हजारांवर पानांचा ग्रंथ आला आणि मूत्रपिंडाविषयीचे तोवरचे ज्ञान एका जागी आले. १९५३ मध्ये लंडनमध्ये सिम्प्सन व टेट यांनी सोडियम राखणारे अल्डोस्टेरॉन शोधले, तरी कोडे संपले नाही. आकारमानाची जाणीव शरीरात कोठे असावी, याचा धांडोळा स्मिथ यांनी १९५७ च्या एका दीर्घ लेखात घेतला. निश्चित उत्तर त्यांना देता आले नाही, आणि ते दिल्याचा आव त्यांनी आणला नाही. १९६१ मध्ये डी वॉर्डनर यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवले, की गाळण घटवूनही आणि सोडियम राखणारे संप्रेरक देऊनही सलाइनच्या भरतीनंतर सोडियमचे उत्सर्जन वाढते. म्हणजे तिसराही कोणी सूत्रधार आहे.

२५ मार्च १९६२ रोजी स्मिथ यांचे न्यूयॉर्कमध्ये निधन झाले. पुढे १९८१ मध्ये कॅनडात डी बोल्ड यांना हृदयाच्या कर्णिकांत सोडियम बाहेर टाकायला लावणारा पदार्थ सापडला. रक्त वाढल्याने कर्णिका ताणली की तो स्रवतो. वर्दी देणाऱ्यांपैकी एक खुद्द हृदयच निघाले.

स्मिथ आणि शॅनन यांच्या १९३५ च्या प्रयोगांत फ्लोरिझिन नावाचे एक द्रव्य वापरलेले होते. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतले हे द्रव्य नलिकांना साखर परत घेऊ देत नाही. त्याच्याच रचनेवरून बेतलेली ‘ग्लिफ्लोझिन’ वर्गातील औषधे साखरेबरोबर थोडे सोडियमही लघवीवाटे सोडून देतात. ती आधी मधुमेहासाठी आली. २०२० पासून दुबळ्या हृदयाच्या रुग्णांनाही दिली जाऊ लागली, मधुमेह नसला तरी.