खुदाबक्ष खान : वडिलांची अमानत समाजाला सोपविणारा ग्रंथप्रेमी



माणूस आयुष्यभर काही ना काही जमवीत असतो. कोणी पैसा जमवितो, कोणी जमीनजुमला, तर कोणी पुस्तके. पैसा आणि जमीन यांची वाटणी कशी करायची हे शरीयतने आणि कायद्याने ठरवून दिले आहे. पण पुस्तकांचे काय? घरातील वाचणारा माणूस गेला की त्याची पुस्तके काही दिवस कपाटात राहतात, मग माळ्यावर जातात आणि शेवटी रद्दीवाल्याच्या तराजूत जाऊन बसतात. आपल्यापैकी अनेकांनी हे पाहिले असेल. म्हणून आज तुम्हाला अशा एका माणसाची ओळख करून द्यावयाची आहे, ज्याने या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या हयातीतच देऊन ठेवले. त्यांचे नाव मौलवी खुदाबक्ष खान.

खुदाबक्ष यांचा जन्म १८४२ साली बिहारमधील सारण जिल्ह्यात झाला. त्यांचे वडील मोहम्मद बक्ष हे पाटण्यात वकिली करीत. घराण्यात विद्येची परंपरा होती, पण श्रीमंती मोठी नव्हती. वडिलांना हस्तलिखित ग्रंथांचा छंद होता. मिळकतीतील मोठा वाटा ते अरबी आणि फारसी ग्रंथ विकत घेण्यात घालवीत. छापखान्यांच्या आधीच्या काळात प्रत्येक ग्रंथ हाताने लिहिला जाई, हे विद्यार्थ्यांनी येथे लक्षात घ्यावे. अशा ग्रंथाची एक प्रत नष्ट झाली तर कधी कधी तो ग्रंथच जगातून नाहीसा होई.

खुदाबक्ष शिक्षणासाठी कलकत्त्याला गेले होते. पण वडील आजारी पडल्यामुळे त्यांना परतावे लागले आणि घराचा भार अंगावर आला. त्यांनी न्यायालयात पेशकाराची नोकरी केली, शाळांचे डेप्युटी इन्स्पेक्टर म्हणून काम केले आणि पुढे वकिलीत नाव कमावले. १८७६ साली वडिलांचा इंतकाल झाला. त्यांच्यामागे सुमारे १४०० हस्तलिखिते राहिली. अखेरच्या आजारात त्यांनी मुलाजवळ एकच इच्छा व्यक्त केली होती. हा संग्रह वाढवावा आणि तो सर्वांसाठी खुला करावा, ही ती इच्छा.

वाचकहो, मरणाऱ्याला शब्द देणे सोपे असते, पाळणे कठीण असते. खुदाबक्ष यांनी हा शब्द पंधरा वर्षे पैसा खर्चून पाळला. मोहम्मद मक्की नावाच्या एका अरब गृहस्थाला त्यांनी दरमहा ५० रुपये पगारावर ठेवले. हा माणूस अठरा वर्षे कैरो, दमास्कस, बैरूत, अरबस्तान आणि इराण येथे त्यांच्यासाठी ग्रंथ शोधत फिरला. कोणी हस्तलिखित विकण्यासाठी पाटण्यास आला तर सौदा होवो न होवो, त्याला जाण्यायेण्याचे रेल्वेभाडे मिळे. त्यामुळे दूरदूरचे विक्रेते आधी त्यांचेच दार ठोठावीत. गंगेच्या काठी सुमारे ८०,००० रुपये खर्चून त्यांनी संग्रहासाठी दुमजली इमारत बांधली.

आता मुद्द्याकडे येऊ. १८९१ पर्यंत त्यांच्याजवळ सुमारे ४००० हस्तलिखिते झाली होती. त्यांना मुले होती. संग्रह तसाच ठेवून ते निवर्तले असते तर काय झाले असते? शरीयतप्रमाणे तो वारसांत हिश्श्याहिश्श्याने वाटला गेला असता. मालमत्तेच्या एकतृतीयांशाहून अधिक भागाची वसियत वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही, हे आपण सर्व जाणतो. हा नियम न्यायाचा आहे आणि वारसांच्या भल्याचा आहे. पण ग्रंथसंग्रहाचे तुकडे पडले की त्याचा प्राण जातो. एक खंड एका भावाकडे आणि दुसरा खंड दुसऱ्याकडे गेला तर दोन्ही खंड मुके होतात.

संग्रहाचा मालक गेला की काय घडते याची उदाहरणे आपल्या इतिहासात आहेत. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू सुलतान शहीद झाले. त्यांच्या ग्रंथालयातील सुमारे २००० ग्रंथ ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेले. त्यांतील काही कलकत्त्यास राहिले, काही लंडनला पोहोचले. विजापूरच्या आसार महालातील आदिलशाही संग्रहाचे उरलेसुरले ग्रंथही १८५३ साली लंडनला गेले. आज ते ग्रंथ तेथे सुरक्षित आहेत हे खरे. पण विजापूरच्या विद्यार्थ्याला ते पाहण्यासाठी सातासमुद्रापलीकडे जावे लागते.

खुदाबक्ष यांनी ही वेळ येऊ दिली नाही. १८९१ साली रीतसर दस्तऐवज करून इमारतीसह सारा संग्रह त्यांनी लोकांसाठी देऊन टाकला. हस्तलिखिते पाटण्याबाहेर नेली जाऊ नयेत, अशी अट घातली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर चार्ल्स इलियट यांच्या हस्ते ग्रंथालयाचे उद्घाटन झाले. ब्रिटिश म्युझियमने मोठी रक्कम देऊ केली असता त्यांनी ती नाकारली, असेही सांगितले जाते.

पुढे ते हैदराबादला निजामाच्या उच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश झाले आणि १८९८ च्या सुमारास पाटण्यास परतले. इतक्या मोठ्या पदावर राहूनही अखेरीस त्यांच्या डोक्यावर कर्ज होते. जे मिळविले ते ग्रंथांत गेले होते. सरकारने कर्ज फेडण्यास मदत केली. स्वतः दान केलेल्या ग्रंथालयाचे चिटणीस म्हणून ते शेवटपर्यंत तेथे वावरले. ऑगस्ट १९०८ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. त्याच आवारात त्यांची कबर आहे.

त्यांनी मुलांना काही दिले नाही असे कोणी म्हणेल. तसे नाही. त्यांचे पुत्र सलाहुद्दीन खुदाबक्ष हे इस्लामी इतिहासाचे नामांकित अभ्यासक झाले. बापाने ग्रंथांची मालकी दिली नाही, पण ग्रंथ वाचण्याची ताकद दिली.

पुढची हकीकतही ऐका. शिवाजी महाराजांचे चरित्र लिहिणारे इतिहासकार जदुनाथ सरकार पाटण्यात प्राध्यापक असताना या ग्रंथालयात अभ्यास करीत. १९६९ साली संसदेने कायदा करून या संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा दिला. तैमूर घराण्याच्या इतिहासाचे येथील सचित्र हस्तलिखित २०११ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत समाविष्ट झाले. २०२१ साली एका उड्डाणपुलासाठी ग्रंथालयाच्या वाचनकक्षाचा भाग पाडण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा विद्यार्थी आणि ग्रंथप्रेमी मंडळी विरोधास उभी राहिली. वारसांची मालमत्ता असती तर इतके लोक कशाला धावले असते?

पालकहो, आपल्याजवळ चार हजार हस्तलिखिते नसतील. पण आजोबांची उर्दू-फारसीची पेटी असेल, वडिलांची कायद्याची किंवा वैद्यकाची पुस्तके असतील, जुन्या मासिकांचे अंक असतील. त्यांची यादी आजच करा. कोणते पुस्तक कोणत्या शाळेला, मदरशाला वा वाचनालयाला द्यावयाचे ते घरच्यांशी बोलून ठरवा, आणि शक्य ते हयातीतच स्वतःच्या हाताने द्या. देताना एवढे मात्र पाहा की घेणारी संस्था ती पुस्तके कुलपात ठेवणार नाही, मुलांच्या हाती देईल.

आणि विद्यार्थी मित्रहो, शाळेच्या वाचनालयातील पुस्तक उघडाल तेव्हा पहिल्या पानावर देणाऱ्याचे नाव आहे का ते पाहा. असेल तर त्याच्यासाठी दुआ करा आणि पुस्तक नीट वाचून, न फाडता परत ठेवा. तुमच्यानंतरही कोणीतरी ते उघडणार आहे.