धुराड्यातून आलेला विजेता

दरवर्षी जुलै महिन्यात सायकलस्वारांचा एक तांडा सुमारे तीन आठवडे फ्रान्सचे रस्ते, घाट आणि खेडी पालथी घालतो. ‘तूर द फ्रान्स’ या नावाने जगभर गाजलेली ही शर्यत प्रथम १९०३ साली भरली. तिचा पहिला विजेता मोरिस गारँ हा धुराडी साफ करून पोट भरणारा एक स्थलांतरित मजूर होता. आणि ज्या वृत्तपत्राने ती भरविली, त्याला क्रीडाप्रेमापेक्षा आपल्या खपाची चिंता अधिक होती. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे गारँचे चरित्र क्रीडापानाच्या चौकटीत मावत नाही. घाम कोणाचा, नफा कोणाचा आणि निवाडा कोणाच्या हाती, हे प्रश्न त्यातून उभे राहतात.

गारँचा जन्म ३ मार्च १८७१ रोजी इटलीच्या वायव्य कोपऱ्यातील आओस्ता खोऱ्यात, आर्व्हिये या डोंगराळ गावी झाला. खोऱ्याची बोली फ्रेंच वळणाची, राज्य इटलीचे आणि शेती पोटापुरतीही नाही, अशी तेथील परिस्थिती होती. घरात नऊ मुले. १८८५च्या सुमारास हे कुटुंब आल्प्स ओलांडून फ्रान्सकडे निघाले. बापाने चीजच्या एका गोलाच्या मोबदल्यात मुलाला ठेकेदाराच्या हवाली केले, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, त्या काळी डोंगराळ मुलखातील मुले धुराडी साफ करण्यासाठी शहरांकडे नेली जात, हे मात्र खरे. अरुंद धुराड्यात लहान चणीचेच शरीर शिरू शकते; त्यामुळे या धंद्यात बालकांच्या खुजेपणालाच बाजारभाव होता. मोठेपणीही गारँची उंची १ मीटर ६३ सेंटिमीटरच राहिली. पुढे कीर्ती मिळाल्यावरही लोक त्याला ‘धुराडेवाला पोऱ्या’ अशाच अर्थाच्या नावाने ओळखत.

रँस, बेल्जियममधील शार्लरुआ आणि नंतर उत्तर फ्रान्समधील मोब्यूझ असे त्याचे मुक्काम झाले. १८८९ साली त्याने ४०५ फ्रँक मोजून सायकल विकत घेतली. हातावर पोट असणाऱ्या मजुराच्या दृष्टीने ही रक्कम लहान नव्हती. १८९२ साली मोब्यूझच्या परिसरातील सुमारे २०० किलोमीटरच्या शर्यतीत तो पाचवा आला आणि आपल्या पायांचे मोल त्याला उमगले. या आरंभीच्या काळातील एक हकीकत नेहमी सांगितली जाते. एका गावी केवळ व्यावसायिकांसाठी असलेल्या शर्यतीत त्याला प्रवेश नाकारण्यात आला. गारँ थांबला, सर्वांना पुढे जाऊ दिले आणि मग मागून निघून एकेकाला गाठीत पहिला आला. संयोजकांनी बक्षीस दिले नाही; तेव्हा प्रेक्षकांनीच वर्गणी काढून बक्षिसाच्या दुप्पट रक्कम त्याच्या हाती ठेवली. त्यानंतर तो व्यावसायिक झाला.

पुढील दहा वर्षांत त्याने मिळविलेले यश कोणत्याही मोजमापाने मोठे होते. १८९६ साली पॅरिस-रुबे ही शर्यत प्रथमच झाली, तेव्हा तो तिसरा आला. १८९७ आणि १८९८ साली त्याने ती जिंकली. १९०१ साली पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येण्याची सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत त्याने ५२ तास ११ मिनिटांत पुरी केली. १९०२ साली बोर्दो-पॅरिसही त्याने जिंकली. याच सुमारास तो फ्रान्सचा नागरिक झाला. सायकलींच्या कारखानदारांना अशा माणसांची गरज होती. माल नवा होता, गिऱ्हाइकाच्या मनात त्याच्या मजबुतीविषयी शंका होती, आणि ती शंका दूर करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे आपली सायकल शेकडो किलोमीटर मोडत नाही हे भर रस्त्यात दाखविणे. गारँ ज्या ‘ला फ्रान्सेझ’ सायकलीवर बसे, तिची जाहिरात त्याच्या पायांनीच होत असे.

या बाजारपेठेतच ‘तूर’चा जन्म झाला. ‘ल व्हेलो’ हे हिरव्या कागदावर छापले जाणारे क्रीडादैनिक तेव्हा आघाडीवर होते. ड्रायफस प्रकरणात त्याचे संपादक प्येर जिफार यांनी ड्रायफसची बाजू घेतली. मोटारींचे कारखानदार काउंट द दियाँ विरुद्ध पक्षाचे. शिवाय जाहिरातींच्या दरांवरूनही कुरबुर होतीच. या नाराज जाहिरातदारांनी १९०० साली पिवळ्या कागदावरचे नवे दैनिक काढले आणि आंरी देग्रांज या जुन्या सायकलपटूला संपादक नेमले. नावावरून खटला झाला, तो हरल्याने १९०३च्या आरंभी पत्राचे नाव नुसते ‘लोतो’ उरले. खप वाढेना. तेव्हा जिओ लफेव्र या तरुण सहकाऱ्याने देशाला फेरी घालणाऱ्या शर्यतीची कल्पना पुढे मांडली.

आरंभी नाव नोंदविणारे पंधराच निघाले. तेव्हा तारीख पुढे ढकलण्यात आली, प्रवेश फी २० फ्रँकांवरून १० वर आणली गेली आणि फारसे बक्षीस न मिळविणाऱ्या पन्नास स्पर्धकांना रोज ५ फ्रँक भत्ता जाहीर झाला. कारखान्यातील मजुराच्या दिवसाच्या कमाईइतकीच ही रक्कम होती. बेकार आणि अर्धबेकार माणसांनाही ती ओढून घेणारी ठरली. १ जुलै १९०३ रोजी पॅरिसनजीक माँझराँ येथून ६० स्पर्धक निघाले. अंतर २४२८ किलोमीटर, टप्पे सहाच. म्हणजे एकेका टप्प्याला सरासरी ४०० किलोमीटर. पॅरिस ते ल्योँ हा पहिलाच टप्पा ४६७ किलोमीटरांचा. रात्रभर सायकल हाकावयाची, वाटेत मोडतोड झाली तर दुरुस्ती स्वतःच करावयाची. गारँने हा टप्पा सुमारे पावणेअठरा तासांत जिंकला. शेवटचे दोन टप्पेही त्याचेच. १९ जुलै रोजी पॅरिसला पोहोचलेल्या २१ जणांत दुसरा आलेला ल्यूस्याँ पोतिए त्याच्यामागे जवळजवळ तीन तास होता. पहिल्या व दुसऱ्या क्रमांकांत एवढे अंतर ‘तूर’च्या इतिहासात पुन्हा कधीही पडलेले नाही.

गारँच्या पदरात एकूण ६०७५ फ्रँक पडले. ‘लोतो’चा खप सुमारे २५ हजारांवरून ६५ हजारांवर गेला, आणि पुढच्याच वर्षी ‘ल व्हेलो’ बंद पडले. गारँची कमाई एका हंगामाची होती. वृत्तपत्राने मात्र वर्षानुवर्षे उत्पन्न देणारी मत्ता मिळविली. तरीही या व्यवहारात मजूर फसला असे म्हणता येणार नाही. धुराड्यांच्या धंद्यात त्याला एवढी रक्कम कधीच दिसली नसती.

खरी परीक्षा १९०४ साली झाली. शर्यतीने पेटविलेला उत्साह आता तिच्याच अंगावर आला. सँत एत्येनजवळच्या घाटात स्थानिक स्पर्धकाच्या पाठीराख्यांनी रात्री वाट अडवून इतरांना झोडपले. त्यात गारँच्या हाताला इजा झाली. नीम येथे दगडफेक झाली, रस्त्यांवर खिळे पसरले गेले. कोणी मोटारीच्या आधाराने गेले, कोणी चक्क आगगाडीने, अशा तक्रारी आल्या. पॅरिसला पहिला पुन्हा गारँच आला. परंतु नोव्हेंबरअखेर फ्रान्सच्या सायकल संघाने पहिल्या चारही जणांना बाद ठरविले. त्यांत गारँ, पोतिए आणि गारँचा धाकटा भाऊ सेझार हेही होते. गारँवर दोन वर्षांची बंदी आली आणि पाचव्या क्रमांकाचा वीस वर्षांखालील आंरी कोर्ने विजेता घोषित झाला.

कोणावर नेमका कोणता आरोप सिद्ध झाला, हे संघाने जाहीर केले नाही. ‘तूर’ची दफ्तरे १९४०च्या जर्मन आक्रमणाच्या वेळी दक्षिणेकडे हलविण्यात आली आणि त्या धावपळीत नाहीशी झाली. गारँ दोषी नव्हता असे म्हणण्यास आधार नाही. फसवणूक सार्वत्रिक होती हेही उघड आहे. पण एका टप्प्यात नियमबाह्य रीतीने खाद्यपदार्थ घेणे आणि आगगाडीत बसणे हे दोन गुन्हे एका तागडीत घालता येत नाहीत. कारणे गुलदस्तात ठेवणाऱ्या निवाड्याने नेमका हाच भेद पुसून टाकला. दोषी मनुष्याला आपला दोष केवढा होता हे जगाला कळावे, एवढा तरी अधिकार असतो. तो नाकारला गेला की शिक्षेची मुदत संपली तरी संशयाची मुदत संपत नाही. देग्रांज यांनी मात्र यातून धडा घेतला. १९०५ साली त्यांनी टप्पे लहान केले, रात्रीचा प्रवास कमी केला आणि शर्यत वाचविली. व्यवस्थेला सुधारण्याची संधी मिळाली; तिशी ओलांडलेल्या खेळाडूला तशी मिळत नाही.

१९११ साली, चाळिशीत, गारँ पुन्हा एकदा पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यतीत उतरला आणि दहावा आला. त्यानंतर लाँस या कोळशाच्या खाणींच्या गावी त्याने गॅरेज चालविले. दोन महायुद्धांचे तडाखे सोसलेल्या त्या प्रदेशात तो कष्टाने, नेकीने जगला. १९५३ साली ‘तूर’ला पन्नास वर्षे झाली, तेव्हा जुन्या विजेत्यांच्या सत्काराला त्याला सन्मानाने बोलाविण्यात आले. १९ फेब्रुवारी १९५७ रोजी, ८५व्या वर्षी, लाँस येथेच त्याचे निधन झाले.

आघाडीवरच्या स्पर्धकाला पिवळा सदरा देण्याची प्रथा १९१९ साली पडली. ‘लोतो’च्या कागदाचा रंगच त्यासाठी निवडला गेला, असे मानले जाते. पहिल्या विजेत्याच्या अंगावर शर्यतीत तो कधी चढला नाही. अधिकृत नोंदवहीत त्याच्या नावे एकच विजय आहे. त्या नोंदीमागे धुराड्यातून हमरस्त्यावर आलेल्या मुलाचे श्रम आहेत, आणि तिच्या पुढच्या ओळीत कारण न देता खोडलेले एक नाव. इतिहास वाचणाऱ्याने या दोन्ही ओळी वाचल्या पाहिजेत.