काचबिंदू, मोतीबिंदू आणि बर्लिनचे डॉ. ग्रेफे

मोतीबिंदू काढताना त्याच वेळी काचबिंदूसाठी बारीकसं इम्प्लांटही बसवू, असं तुमच्या डॉक्टरांनी सुचवलं आहे का? मुळशीतल्या गावाहून पुण्याला दोनदा येण्यापेक्षा एकदाच आलेलं बरं, असं घरच्यांना वाटणं साहजिक आहे. पण मग नजर पूर्ण परत येईल का? हे समजण्यासाठी, या दोन्ही आजारांच्या शस्त्रक्रियांना नवी दिशा देणाऱ्या डॉक्टरांची ओळख करून घ्या.

डॉ. आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे (१८२८–१८७०)

ग्रेफे यांचा जन्म बर्लिनचा. वडील नामवंत शल्यचिकित्सक होते, पण मुलगा बारा वर्षांचा असतानाच ते वारले. ग्रेफे एकोणिसाव्या वर्षी डॉक्टर झाले. प्राग, पॅरिस, व्हिएन्ना आणि लंडनला जाऊन ते आणखी शिकले आणि पंचविशीच्या आतच त्यांनी बर्लिनमध्ये डोळ्यांचा दवाखाना काढला. तिथे गरिबांवर मोफत उपचार होत.

१८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आत पाहण्याचं उपकरण प्रसिद्ध केलं. त्यातून काचबिंदूच्या रुग्णांची दृष्टीची नस पाहताना ग्रेफे यांना ती आधी फुगलेली वाटली. पुढे मात्र ती खोलगट झाल्याचं लक्षात आलं आणि त्यांनी आपलं मत बदललं. आजही डॉक्टर तुमच्या डोळ्यात थेंब घालून, बाहुली मोठी करून हाच खड्डा तपासतात.

अचानक उद्भवणाऱ्या, तीव्र दुखणाऱ्या काचबिंदूत आयरिसचा, म्हणजे डोळ्यातल्या रंगीत पडद्याचा, छोटा तुकडा काढला तर दाब उतरतो, हे त्यांनी १८५७ मध्ये मांडलं. न दुखता हळूहळू वाढणाऱ्या काचबिंदूत मात्र हा उपाय तितका लागू पडला नाही. पुढच्या दशकात त्यांनी मोतीबिंदूसाठी अरुंद पात्याची सुरी आणि नवी छेदपद्धत आणली. त्यामुळे जखम पिकण्याचं प्रमाण कमी झालं. क्षयरोगाने ते अवघ्या ४२व्या वर्षी गेले.

आज काय करतात?

डोळ्यातलं पाणी एका जाळीतून निचरतं. हा निचरा अडला की दाब वाढतो. मोतीबिंदू काढून कृत्रिम भिंग बसवल्यावर त्याच छेदातून सुमारे १ मिलिमीटरचं इम्प्लांट या जाळीत बसवता येतं. २०१२ मध्ये अमेरिकेत अशा इम्प्लांटला पहिल्यांदा मान्यता मिळाली. हळूहळू वाढणाऱ्या ‘ओपन अँगल’ काचबिंदूच्या सौम्य ते मध्यम अवस्थेत ते उपयोगी पडतं. आजार पुढे गेला असेल तर वेगळी, मोठी शस्त्रक्रिया लागू शकते.

हे लक्षात ठेवा

- भिंग बदलल्यावर मोतीबिंदूचा धूसरपणा जातो. पण काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. इम्प्लांट असतं ते उरलेली नजर राखण्यासाठी.
- स्वच्छ दिसू लागलं म्हणून काचबिंदूचे थेंब स्वतःहून बंद करू नका. ते कमी होऊ शकतात, पण ते डॉक्टरच ठरवतील.
- शस्त्रक्रिया एकदाच झाली तरी दाबाची तपासणी आयुष्यभर लागते. गावाहून येणं लांबचं असलं तरी ती चुकवू नका.
- शस्त्रक्रियेनंतर डोळा खूप दुखला, लाल झाला किंवा नजर अचानक कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.
- तुम्हाला काचबिंदू असेल तर भावंडांचे आणि मुलांचे डोळेही तपासून घ्या.